गाडीतल्या शिट्ट्या

२ मार्च, सोमवार

वकिलीणबाई म्हणाल्या, "तोंडी सांगून काही उपयोग नाही. जे जे होतं ते तारीख घालून लिहून ठेवा." त्यांच्या हॉलच्या खिडकीचं माप घेत मी स्टुलावर उभी होते आणि तोंडात टाचण्या धरून माझ्या धाकट्या भावाची गाऱ्हाणी सांगत होते. त्यांना बहुतेक मी गप्प बसायला हवं होतं. पण सल्ला चांगला आहे, आणि फुकट आहे. म्हणून ही वही.

तर पहिली नोंद. आज गाडी माझी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. रविवारी गाडी उभी. वडील जाताना गाडी दोघांच्या नावावर करून गेले, म्हणाले, मिळून वापरा, तेवढंच बोलणं राहील. मोठी माणसं असं काहीतरी सुंदर बोलून जातात आणि निस्तरायचं मागच्यांनी.

सकाळी मी किल्ली फिरवली आणि टेप असा किंचाळला की माझा पाय क्लचवरून सुटला. गाडीनं उडी मारली, फाटकाला टेकली आणि बंद पडली. मागून पुढे आडवे ठेवलेले पडद्यांचे रॉड माझ्या खांद्यावर आले. समोरच्या इमारतीचा रखवालदार चहा पीत होता. हसता हसता त्याला ठसका लागला.

टेप म्हणजे कॅसेटचा नव्हे. वडिलांच्या माघारी भावानं नवा बसवून घेतला, पेनड्राइव्ह खुपसायचा. मला न विचारता. त्या टेपला एक खोड आहे: ज्या आवाजावर बंद कराल त्याच आवाजावर तो पुन्हा सुरू होतो. म्हणजे काय ते उघड आहे. भाऊ परवा शनिवारी उतरताना मुद्दाम आवाज वाढवून उतरला. आकडा चौतीसवर होता. मी आठावर ऐकते. आणि वाजत काय होतं, तर गाणं नाही, नुसती एक लांबच लांब शिट्टी.

पन्नाशीत गाडी शिकलेल्या बाईला घाबरवायला एवढं पुरतं, हे त्याला ठाऊक आहे. स्वतः कारखान्याची बस चालवतो ना. गाडी शिकत होते तेव्हा म्हणाला होता, "पडदे शिव गं तू." ते मी विसरलेले नाही.

४ मार्च, बुधवार

सोमवारी गाडी परत लावताना स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवली होती: टेपचा आवाज कमी करून उतरावे. सभ्य भाषेत. 'कृपया'सुद्धा लिहिलं होतं.

आज किल्ली फिरवली तर पुन्हा चौतीस. या वेळी मी तयारीत होते, आधी कान झाकले, मग किल्ली. चिठ्ठी घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली. म्हणजे वाचली. वाचून ठेवून दिली. पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी तो अंगणात नळाखाली सायकल धूत होता. मी पायरीवरून हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगला घसा ताणून. वरच्या मजल्यावरून भावजयीनं डोकावून बघितलं, रखवालदारानं बघितलं, फाटकावरची मांजर उठून गेली. हा मात्र पाठ करून चाक घासतोय. आई म्हणायची, हा पोरगा झोपेचं सोंग घेतो, त्याला उठवता येत नाही. आता जागेपणी सोंग घेतो, एवढीच प्रगती.

६ मार्च, शुक्रवार

ठरवलं की माझा पेनड्राइव्ह टेपला लावायचा. त्याचा काढून कप्प्यात टाकायचा. भाचीनं पूर्वी मला एक रहस्यकथा उतरवून दिली होती, कोणीतरी वाचून दाखवलेली, बावीस भागांची. शिलाई करता करता ऐकायची राहून गेली होती. गाडीत ऐकू म्हटलं.

लावला तर टेपवर इंग्रजीत उमटलं, काहीच सापडत नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्यानं बघून सांगितलं, "काकू, हा पेनड्राइव्ह नव्या पद्धतीनं तयार केलाय. गाडीच्या टेपला जुनीच पद्धत कळते."

"म्हणजे आमच्या भावासारखा," मी म्हटलं.

"पुसून पुन्हा तयार करतो. आतलं काढून ठेवतो, परत टाकतो."

त्यानं तसं केलं. गाडीत बसले, लावला, छान सुरू झाला. पहिला भाग संपला. दुसरा म्हणून जो लागला त्यात एक माणूस रडत रडत सांगत होता की होय, मीच केला खून. मी चौकातून गाडी वळवली आणि पुन्हा दुकानात. तर म्हणे टेप नावातला आकडा बघत नाही, ज्या क्रमानं आत टाकलं त्याच क्रमानं वाजवतो, आणि टाकताना त्याच्याकडून उलटसुलट झालं. म्हणजे खून व्हायच्या आधी मला खुनी कळला. आता वीस भाग कशासाठी ऐकू?

रागारागात मी पेनड्राइव्ह तिथेच विसरून आले.

९ मार्च, सोमवार

आज गाडीत त्याचाच पेनड्राइव्ह होता, आवाज चौतीस. कमी केला, पण बंद केला नाही. म्हटलं पुरावा ऐकू तरी. वकिलीणबाईंना सांगता येईल.

गाणी दोन. तीही वडिलांच्या आवडीची, शेवटी कुठेतरी टाकलेली. बाकी सगळ्या शिट्ट्या. आधी जाडजूड भोंग्यासारखा आवाज, मग गप्प. मग त्याहून बारीक. मग पुन्हा गप्प. असं करत करत शेवटी इतकी बारीक शिट्टी की दातांना कळ लागते. मग हळू, अगदी हळू, तीच शिट्टी लांबून आल्यासारखी. संपलं की पुन्हा भोंगा. रोज त्याच क्रमानं. कोणाला हे वाजवून ऐकावंसं वाटेल? कोणाला नाही. हे ऐकण्यासाठी नाहीच, मला ऐकवण्यासाठी आहे. माणसानं किती खटाटोप करावा बहिणीच्या डोक्याला ताप द्यायला, याचंच नवल वाटतं.

जिन्यात भावजय भेटली. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यानं गाडीत काय भरून ठेवलंय माहितीये का? नुसत्या शिट्ट्या."

तिचा चेहरा पडला. "असू दे हो वन्सं. त्यांच्या कामाचं आहे ते."

"बसच्या ड्रायव्हरला शिट्ट्यांचं काय काम? रेफ्री झालाय का?"

ती हसली नाही. "त्यांना बोलू नका याबद्दल. आधीच झोप नाही त्यांना," एवढं बोलून वर गेली. करून सवरून नामानिराळे, दोघंही.

१० मार्च, मंगळवार

लिहायलाच हवं असं काहीतरी बघितलं.

माझं शिलाईचं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून गाडी उभी असते ती जागा सरळ दिसते. भाऊ कामावरून आला. गाडी लावली, पण उतरला नाही. काचा सगळ्या बंद. डोळे मिटून बसला. आतून शिट्ट्या सुरू झाल्या. बंद काचांतूनही मला इथे ऐकू येत होत्या. आणि हा काय करतो? जाड भोंगा वाजला की उजव्या हाताचं बोट वर करतो. भोंगा थांबला की खाली. वर्गात पोरं बाईंना काही विचारायला करतात तसं. बारीक शिट्ट्या सुरू झाल्या तसं बोट मांडीवरच राहिलं. ती दातांना कळ आणणारी वाजत होती, मी इथे मशीन थांबवून कान दाबले, आणि हा डोळे मिटून स्वस्थ.

ताल धरतो म्हणावं तर ताल नाही. डोक्यावर परिणाम म्हणावं तर बाकी व्यवहार नीट आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग कपाळ स्टिअरिंगवर टेकवून बसला.

मला वाटतं त्याला माहीत आहे की मी खिडकीत असते.

११ मार्च, बुधवार

वकिलीणबाईंच्या पडद्यांचं अस्तर आणायला गेले होते. मोठ्या चौकात पलीकडच्या रस्त्याला त्याची बस दिसली. तिच्या मागे एक मालवाहू ट्रक हॉर्न बडवतोय, बडवतोय. बस जागची हलेना, बाजूलाही होईना. बसमधल्या एका माणसानं शेवटी उठून पुढे जाऊन याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे बस डावीकडे घेतली. माज म्हणतात तो हाच. मागे माणूस बोंबलत असला तरी आपली गादी सोडायची नाही. माझ्याशी वागतो तसाच जगाशी वागतो, हे बघून थोडं बरंही वाटलं, ते का लपवू?

संध्याकाळी फाटकाशी गाठ पडली. तो वाकून माझ्या टायरमधली हवा बघत होता. गाडी माझ्या दिवशी माझी असते, त्याला कोणी सांगितलं होतं? पण मी शांतपणे विचारलं, "गाडी विकायचा विचार आहे का तुझा? स्पष्ट सांग."

तो टायरकडे बघतच म्हणाला, "हो, हो. बघू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं, "बघू म्हणजे काय? वडिलांची गाडी आहे."

त्यानं मान वर केली, माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, "काय पुटपुटतेस? तोंड उघडून बोलत जा जरा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तोंड उघडून बोलत जा, मला. ज्या बाईचं तोंड बंद कसं करावं हा आख्ख्या खानदानाचा प्रश्न आहे. मी तरातरा आत आले.

गाडी गेली तर माझं काय होईल? पडदे शिवणारी गल्लोगल्ली आहे. मला कामं मिळतात ती मी रॉड, रिंगा, कापड सगळं गाडीत घालून घरी जाऊन लावून देते म्हणून. या एका वर्षात माझं जे काही झालं ते त्या गाडीवर झालं. हे त्याला कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच.

१२ मार्च, गुरुवार

आज तो पुन्हा गाडीत बसला होता. भोंग्याला बोट वर. बारीक शिट्टीलाही आज वर केलं, पण शिट्टी संपून गेल्यावर. मी बघत होते.

जेवणानंतर भावजय खाली आली. माझ्या पलंगाच्या कडेवर बसली, शिवून ठेवलेल्या पडद्याची किनार बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, गाडी तुम्हीच ठेवून घ्या."

मी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण. सातही दिवस. आम्हाला कदाचित लागायची नाही."

"काल विकायची होती, आज मला द्यायची?"

"विकायची कोण म्हणालं?"

"तुझा नवरा. फाटकाशी. हो म्हणाला सरळ."

"ते सध्या सगळ्यालाच हो म्हणतात," ती म्हणाली.

मी काही कुक्कुलं बाळ नाही. आधी तू ठेव म्हणायचं, मग दुरुस्ती तुझी, विमा तुझा, आणि शेवटी वरच्या दोन खोल्यांच्या वाटणीचं प्रकरण काढायचं. मी सांगितलं, "मला कोणाची भीक नको. माझे तीन दिवस मला पुरेत. त्याला म्हणावं, काय बोलायचं ते माझ्याशी बोल, बायकोला पुढे करू नको."

"ते बोलणार नाहीत हो तुमच्याशी. तुम्हाला कळू नये असंच त्यांना वाटतं."

"काय कळू नये?"

तिनं पडदा घडी करून ठेवला आणि वर गेली. घडीही चुकीची घातली.

मला कळू नये. म्हणजे काहीतरी शिजतंय हे तिनं कबूलच केलं. सगळं तारखेसह लिहिलं आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आज मी जे केलं ते लिहावं की नाही असा विचार आला. पण ही वही खरी ठेवायची तर सगळंच लिहायला हवं. आणि मला त्याची लाज वाटत नाही.

टेप बसवणाऱ्याच्या दुकानात गेले. पोट सुटलेला, तोंडात सतत काडी धरणारा माणूस. म्हटलं, "असं काही करता येईल का, की टेप चालू दिसेल, आकडे दिसतील, पण आवाज येणार नाही?"

"येईल की. मागची स्पीकरची पिन काढली की झालं. लाइट लागेल, गाणं पळताना दिसेल, आवाज शून्य. पण असं कशाला?"

"घरचा मामला आहे."

त्यानं काडी या गालातून त्या गालात नेली आणि पिन काढून दिली. मी मुद्दाम लावून बघितलं. आकडे पळतात. आवाज नाही. गाडीत इतकी शांतता मी वर्षभरात अनुभवली नव्हती.

नुसता पेनड्राइव्ह काढून फेकला असता तर त्यानं दुसरा आणला असता. आता काय होईल? तो टेप लावेल, आवाज येणार नाही, त्याला यावंच लागेल खाली, माझ्या दारात. विचारावं लागेल, ताई, टेपला काय झालं? मग मी विचारीन, गाडीचं काय ठरवलंस ते सांग, मग टेपचं सांगते. समोरासमोर. मला एवढंच हवं आहे, त्यानं माझ्यासमोर येऊन तोंड उघडावं. वडिलांच्या माघारी तो माझ्याशी चार वाक्यं सलग बोललेला नाही.

१४ मार्च, शनिवार

वाट बघतेय.

तो कामावरून आला. मी मशीनवर. पाय थांबवून बसले होते. तो गाडीतच बसला, काचा वर. टेपचा निळा उजेड त्याच्या हनुवटीवर पडलेला इथून दिसत होता. म्हटलं, आता उतरेल. आता बडवेल टेपवर.

त्यानं डोळे मिटले आणि बोट वर केलं.

खाली घेतलं. थोडा थांबला. पुन्हा वर. मी खिडकी उघडून कान दिला. काही नाही. पाखराचा आवाज, रखवालदाराच्या रेडिओचा आवाज, गाडीतून काही नाही. आणि हा आपला बोट वर, बोट खाली. शेवटच्या बारीक शिट्ट्यांच्या वेळीसुद्धा. संपल्यावर चक्क हसला, आरशात बघून केसांवरून हात फिरवला, उतरला, आणि जिना चढताना शीळ घालत होता. बेसूर.

निर्लज्जपणाला काही सीमा? म्हणजे त्याला कळलंय की काम माझं आहे, आणि तो मला दाखवतोय की मला फरक पडत नाही. नाटक. खिडकीतल्या एका प्रेक्षकासाठी. चोर तो चोर वर शिरजोर.

१६ मार्च, सोमवार

आज गाडीत बसले तर टेपवर आवाजाचा आकडा पन्नास. त्याच्या पुढे आकडा जातच नाही.

म्हणजे डाव लक्षात आला. मी कधीतरी पिन परत लावणार, तेव्हा किल्ली फिरवली की पन्नासच्या आवाजानं माझे कान फुटावेत. आम्ही दोघं एकाच आईच्या पोटचे आहोत यावर माझाच विश्वास बसत नाही. मी तो आठावर आणून ठेवला.

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. आज दोनदा लावलं पहिल्यापासून. तोच क्रम. मला आता पाठ झालाय. मशीनवर बसून मी मनात म्हणते, आता भोंगा, आणि तो बोट वर करतो. आता गप्प, आणि तो खाली घेतो. गाडीत आवाजाचा टिपूस नाही आणि आम्ही दोघं भाऊबहीण एका तालात. इतकं एकमत आमचं लहानपणीही कधी झालं नव्हतं.

माझा धीर सुटत चाललाय. तो येत का नाही विचारायला?

१८ मार्च, बुधवार

भावजय सकाळीच खाली आली. आज चेहरा पडलेला नव्हता, हसत होती. मी नुकतं मशीन पुसत होते. दारातूनच म्हणाली, "वन्सं, मी त्या दिवशी गाडीचं बोलले ते विसरून जा हं. आता तशी वेळ येणार नाही बहुतेक."

"कशी वेळ?"

ती खाली बसली. "तुम्हाला सांगितलं हे कळलं तर ते माझ्यावर चिडतील. पण आता चांगलंच झालंय, तर सांगते. त्यांच्या कानांचं होतं हो. दीड-दोन वर्षं झाली, कमी कमी होत गेलं. बारीक आवाज तर गेल्यातच जमा. मागच्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी कसंबसं पास केलं, म्हणाले, पुढच्या वेळी असंच राहिलं तर बसवरून उतरावं लागेल. तपासणी आली शुक्रवारी. तिथे खोलीत बसवून असेच आवाज ऐकवतात, ऐकू आला की बोट वर करायचं. यांना कामावरच्या कोणीतरी ते आवाज पेनड्राइव्हवर घालून दिले. रोज ऐक, कान लागतो म्हणे ऐकून ऐकून. मला नव्हतं खरं वाटत."

मी पुसलेलं मशीन पुन्हा पुसायला लागले.

"आधी अर्धे पण ऐकू यायचे नाहीत. पण शनिवारी आले ते काय खुशीत. म्हणाले, आवाज पार वर नेला आणि सगळे ऐकू आले, पहिल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. काल पण. दोन्ही वेळा सगळे. रात्री किती दिवसांनी झोपले पोटभर." तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला. "तुमच्याशी बोलत नव्हते ते रागानं नव्हतं हो. तुम्ही मागून हाक मारता. त्यांना समोर तोंड दिसलं तरच कळतं. आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही तोंडावर बोलाल, बहिऱ्या म्हणाल, याचीच त्यांना धास्ती."

म्हटलं असतं मी. पहिल्याच दिवशी म्हटलं असतं.

ती वर गेल्यावर मी दार लावलं. वही काढली आणि मागची सगळी पानं वाचली. अंगणातल्या हाका. चौकातला ट्रक. चौतीस. पन्नास. सगळं मी माझ्याच हातानं, तारीख घालून लिहिलेलं आहे.

आज गाडी माझी होती. मी बाहेर काढली नाही. वकिलीणबाईंचा फोन आला पडद्यांसाठी, तो घेतला नाही.

विचार केला, आत्ता जाऊन पिन लावून आणावी आणि गप्प बसावं. उद्या तो गाडीत बसेल, शिट्ट्या वाजतील, त्याला निम्म्या ऐकू येणार नाहीत, पण क्रम पाठ आहे, बोट वर जाईल. मग परवा तपासणीत काय होईल? तिथला क्रम हाच असेल तर पास होईल. पास झाला तर शनिवारी बस. बसमध्ये तीस-पस्तीस माणसं आणि मागे हॉर्न बडवणारा ट्रक. आणि क्रम दुसरा असेल तर त्या खोलीत, काचेच्या पलीकडून परकी माणसं बघत असताना, कळेल त्याला. माझ्यामुळे चढलेल्या हरभऱ्याच्या झाडावरून तिथे पडेल.

मी काय केलंय हे कोणाला सांगायचं म्हटलं तरी हसू येईल. रुसलेल्या भावाला बोलतं करायला टेपची पिन काढली.

१९ मार्च, गुरुवार

तो आला. गाडी लावली, काचा वर केल्या. मी मशीनवर बसले नव्हते, पायरीवरच उभी होते. डोळे मिटून त्याचं बोट वर जाईपर्यंत थांबले. मग जाऊन शेजारचं दार उघडलं आणि आत बसले, दार जोरात ओढून घेतलं. त्याला कळलं नाही. सीट हलली तेव्हा दचकून डोळे उघडले.

"काय गं? काय झालं?"

मी त्याच्याकडे वळले. चष्मा काढला, पदर नीट केला, तोंड त्याच्या समोर धरलं. "माझ्याकडे बघ. कळतंय मी बोलतेय ते?"

त्याचा चेहरा उतरला. "तिनं सांगितलं तुला."

"सांगितलं."

"मग घाल शिव्या, मोकळी हो. पण आता काही अर्थ नाही. आता येतंय मला ऐकू." तो हसला. टेपकडे बोट दाखवलं, निळे आकडे पळत होते. "हे बघ, ही चालू आहे ना, ही मधली. ही तर मला मागच्या आठवड्यात अजिबात येत नव्हती. आता येते. जरा लांबून येते, पण येते."

मी म्हटलं, "टेपमधून आवाज येत नाहीये."

"अगं, तुला सवय नाही म्हणून..."

"पिन काढलीय. मागची, स्पीकरची. मी काढून घेतली दुकानात. तू आवाज वाढवून उतरतोस, मला छळतोस असं वाटलं मला. मागच्या शुक्रवारपासून या गाडीत काही वाजलेलं नाही."

मी हे मोठ्यानं बोलले, एकेक शब्द सुटा करून. त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की त्यानं काय म्हणालीस असं विचारावं.

तो रागावला नाही. मी रागाची तयारी करून आले होते, राग आला असता तर मला जमलं असतं. त्यानं हात लांब करून दारातल्या स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला, आजारी माणसाच्या छातीवर ठेवतात तसा, आणि तसाच ठेवून राहिला. आकडे पळत होते. त्यानं दुसऱ्या हातानं आवाज वाढवला. पन्नासच्या पुढे तो जात नव्हता, तरी तो बटण फिरवत राहिला. मग हात मागे घेतला.

"मग मी काय ऐकत होतो, ताई?"

ताई असं त्यानं मला किती दिवसांनी म्हटलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी त्यानं माझ्याकडे बघायला हवं होतं, आणि तो काचेतून समोर बघत होता.